अकराची साक्ष

दुधाची पिशवी हातात धरून शशिधर मगदूम राजारामपुरीतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि थबकला. समोर तोच उभा होता. विजेच्या दोन खांबांमध्ये ताणून बांधलेला, डोक्याला भगवा फेटा, गाल गुळगुळीत, डोळ्यांखालच्या पिशव्या गायब. जन्मात त्यानं कधी फेटा बांधला नव्हता. फ्लेक्सवाल्यानं तो संगणकावर बांधून दिला होता आणि तोही जरा तिरका, त्यामुळं एका बाजूचा कान अर्धा कापला गेला होता. कोल्हापुरात माणूस निवडून आला, परदेशी गेला, नुसता वाढदिवस आला तरी फ्लेक्स लागतो. जन्मभर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराचा लागला तर बिघडलं कुठं. चार दिवसांनी त्याच खांबांवर दुसरं कुणीतरी हसत असणार. पण शशिधर थबकला तो फोटो बघून नव्हे. फोटोखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'कुणाच्याही टेकूशिवाय, स्वतःच्या बळावर उभे राहिलेले, मूळ संख्येसारखे अविभाज्य व्यक्तिमत्त्व, प्रा. एस. आय. मगदूम सर.' आणि एवढं कमी पडलं म्हणून की काय, त्याखाली एक आकडा: ३२१५०३१७५१. कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला दुकान उघडता उघडता म्हणाला, "सर, नंबर चुकलाय का ओ तुमचा? तीननं कुठं मोबाइल सुरू हुतोय व्हय?" शशिधरनं हसल्यासारखं केलं. "फोन नाही तो. संख्या आहे एक." "असं व्हय," पानपट्टीवाला म्हणाला, आणि वर बघत त्यानं आकडा पुन्हा एकदा पुटपुटत वाचला. "चुकलं आसंल तर सांगा तुमच्या त्या विद्यार्थ्याला, बाळासोला. आत्ता काढून दुसरा लावतील की." शशिधर घराकडं वळला. पिशवीतलं गार दूध त्याच्या पँटला टेकत होतं आणि तिथं ओला डाग पडत होता.

ती संख्या मूळ नव्हती. सगळी गोम तिथंच होती. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय कुणानंच भाग जात नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तीनशे एकवीस कोटी पन्नास लाख एकतीस हजार सातशे एक्कावन्न ही मात्र संयुक्त, पोटात तीन घटक घेऊन बसलेली: एकशे एक्कावन्न, सातशे एक्कावन्न आणि अठ्ठावीस हजार तीनशे एक्कावन्न. पण ती दिसते मूळ. नुसती दिसत नाही, चांगले चार साक्षीदार उभे करून स्वतःला मूळ ठरवून घेते. नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला शशिधर दर वर्षी फळ्यावर तीच लिहायचा. हिला एकेक करून भागत बसलात तर मिशा पांढऱ्या होतील, म्हणायचा, त्यापेक्षा कसोटी लावा. एक लहान संख्या साक्षीला बोलवा, तिचा ठरावीक घात काढा, मोठीनं भागा आणि बाकी काय उरते ते बघा. मोठी संयुक्त असेल तर साक्षीदार बहुधा तिथंच तिचं पितळ उघडं पाडतो. मग तो दोनाला बोलवायचा. दोन म्हणायचा, मूळ आहे. तीन म्हणायचा, मूळ आहे. पाच आणि सात, तेही शपथेवर तेच सांगायचे. अडीच हजार कोटींच्या आत या चौघांनाही एकदम फसवणारी संयुक्त संख्या ही एकटीच. फळा भरायचा, घंटा व्हायची, आणि शशिधर खडू ठेवून म्हणायचा, "तर मग ही मूळ की संयुक्त? उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी तो अकराला बोलवायचा आणि अकरा खरं सांगून टाकायचा. पण पोरं कोल्हापूरची. पहिल्या दिवशी वर्ग भरलेला, दुसऱ्या दिवशी निम्मी रंकाळ्यावर आणि उरलेल्यातली निम्मी तालमीत. दुसरा तास बुडवणाऱ्यांत बाळासो पहिला. आज तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्वतःचं मशीनशॉप चालवतो, मोटारींचे सुटे भाग केसाच्या मापानं तासून देतो. माणूस दिलदार, जुन्या सगळ्या पोरांना गोळा करून सरांच्या सत्काराचा घाट त्यानंच घातला. पण अकराची साक्ष त्यानं कधी ऐकलेलीच नव्हती. त्याच्या डोक्यात राहिले ते चौघेच, आणि त्यांच्या भरवशावर त्यानं संख्येला मूळ ठरवलं आणि सरांनाही.

आता कुणी म्हणेल, चूक बाळासोची, मग ह्या बाबाला लाजायला काय झालं. झालं ते गुरुवारी संध्याकाळी. बाळासो फ्लेक्सचा नमुना फोनवर घेऊन घरी आला होता. शशिधरची बायको प्रियदर्शनी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, म्हणून भावाच्या जेवणाचे हाल नकोत या काळजीनं आक्का गावाहून येऊन राहिली होती. गाव कागलच्या पलीकडं, अगदी हद्दीवर, जिथं भांडण मराठीत आणि लाड कानडीत चालतात. आक्का म्हणजे महादेवी, शशिधरची थोरली बहीण. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाय पसरून ती सुपात वरण्याच्या शेंगा सोलत बसली होती. बाहेर बाळासो मोठमोठ्यानं वाचून दाखवत होता, कुणाच्याही टेकूशिवाय, स्वतःच्या बळावर, आणि शशिधर खुर्चीत जरा ताठ झाला होता. खोटं कशाला बोला, त्याला गोड वाटत होतं. मग त्याची नजर खालच्या आकड्यावर गेली. अरे बाळासो, ही मूळ नाही रे, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात बाळासोनं मान वळवून आत हाक दिली, "मावशी, जरा पाणी आणा की." आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, तांब्या-पेला घेऊन आली, देऊन परत गेली. तिच्या इरकली लुगड्याच्या काठाला शेंगांची सालं चिकटली होती. बाळासो पाणी पिऊन मिशी पुसत म्हणाला, "बाई झ्याक गावलीया सर तुम्हाला. कामाला चलाख दिसती. कुठली म्हणायची?" आणि शशिधर म्हणाला, "गावाकडची आहे. ही येईपर्यंत ठेवलीय." बाळासो म्हणाला, "बरं केलासा." नमुना ठीक आहे का, म्हणून त्यानं फोन पुन्हा पुढं केला, आणि शशिधर म्हणाला, ठीक आहे. दोन चुका एका दमात खपून गेल्या. जाताना बाळासोनं चप्पल घालता घालता आत डोकावून सांगितलं, "मावशी, रविवारी तुम्हीबी या जेवायला. सरांच्या संगट गाडीतनंच या." सख्ख्या भावानं तिला कार्यक्रमाला ये म्हणून अजून विचारलं नव्हतं.

त्या वाक्याभोवती तो तेव्हापासून घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. गावाकडची आहे. खरंच होतं. प्रियदर्शनी येईपर्यंतच ती राहणार होती, तेही खरं. ठेवलीय, हा शब्द तेवढा जरा हलका. पण तोही, पाहुण्याला ठेवून घेतलं असं म्हणतोच की आपण. एकेक शब्द सुटा करून तपासला तर कुठंच दोष निघत नव्हता, आणि सगळं मिळून मात्र अख्खं खोटं होतं. असं का बोललो? तिच्या लुगड्याची लाज वाटली का? बोलण्याची? त्यानं प्रामाणिकपणे मनात हात घालून बघितलं आणि तसलं काही हाताला लागलं नाही. तसलं काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. जुना रोग म्हणून त्यानं स्वतःला माफ केलं असतं. उलट आठवत होतं ते भलतंच. तो मठाच्या बोर्डिंगात शिकायला होता तेव्हा आक्का रविवारी एसटीनं यायची, फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन. ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची. आंघोळ केली, लुगडं बदललं तरी अंगाचा तो उग्र वास जायचा नाही. ती फाटकाशी आली की पहारेकरी शिंकायचा आणि पोरं खिडक्यांत गोळा होऊन खोटं खोटं शिंकत राहायची. आणि हा शशी, हाफ पँट घातलेलं काटकुळं पोरगं, जिना दोन दोन पायऱ्या उतरत फाटकाकडं पळायचा, सगळ्यांच्या देखत तिच्या कमरेला मिठी मारायचा, आणि वर खिडक्यांकडं बघून ओरडायचा, "माझी आक्का हाय ती. शिंका किती शिंकायचं ते." त्या वासानं त्याचंही नाक चुरचुरायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आक्का म्हणायची, "तम्मा, अळती काय?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अळती म्हणजे रडतोस, अर्धं कानडी, अर्धं मराठी अशी तिची जिभेची खिचडी. आई लवकर गेली, आणि बाप ईरप्पा बैलांशी जेवढं बोलायचा तेवढंही पोरांशी बोलायचा नाही. तम्माची परीक्षा होऊ दे, तम्माचं कॉलेज होऊ दे, म्हणत आक्कानं स्वतःचं लग्न पुढं ढकललं आणि मग ढकलायला काही उरलंच नाही. हे सगळं त्याला माहीत होतं. हाफ पँटीतल्या पोराला जे जमलं ते साठीच्या माणसाला जमलं नाही, आणि का, तर समोरच्यानं नुकतंच वाचलं होतं, कुणाच्याही टेकूशिवाय. टेकू हातात तांब्या घेऊन समोर उभा होता आणि त्याला त्या एका गोड वाक्याचा मोह आवरला नाही. लाज तिची नव्हतीच कधी. भूक होती ती, आणि एवढा मानपान झाल्यावर कसली राहिली होती भूक, ते त्याचं त्यालाच कळेना.

शुक्रवारी त्यानं बाळासोला फोन लावला होता. सांगायचं ठरवून लावला होता. बाळासो मागं मशीनच्या घरघरीतनं ओरडत होता, "बोला की सर," आणि शशिधरनं विचारलं, गाडी किती वाजता येईल. एवढंच. त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाला, आक्कानं ताट मांडलं आणि दाराशी येऊन म्हणाली, "सर, वाढू का?" त्याला वाटलं चेष्टा करते. आक्काची चेष्टा नेहमी अशीच असायची, तोंड जराही न हलवता. तो हसला. ती हसली नाही. भाकरी ताटात टाकून, तिच्यावर लोणी ठेवून ती म्हणाली, "सवय असल्याली बरी. रविवारी लोकांदेखत तोंडातनं तम्मा निसटायला नगं." रागानं नाही, रुसून नाही, उद्या पाणी येणार नाही तर हंडे भरून ठेवू, ह्या आवाजात. शशिधरनं हातातला घास ताटात ठेवला. आक्का, तसं नाही गं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण कसं नाही ते सांगायचं तर गुरुवारचं ते वाक्य आणि त्याच्या आधीचं ते सुख, दोन्ही तिच्यासमोर ताटात काढून ठेवावी लागली असती. "असू दे," तो म्हणाला. काय असू दे, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. "मीठ हाय नव्हं बरोबर?" एवढं मात्र तिनं विचारलं. तेव्हापासून घरात सर सुरू झालं. सर, पाणी तापलंय. सर, गोळी घेतलासा का. आयुष्यभर हजारो पोरांनी त्याला सर म्हटलं होतं आणि त्यातलं एकही असं लागलं नव्हतं.

रविवारी सकाळी ते दूध घेऊन तो घरी आला तेव्हा आक्का तयार होऊन बसली होती. घडी मोडलेलं नवं इरकल, कपाळावर विभूतीची तीन बोटं, केस चापून बसवलेले. हातात कापडी पिशवी, तिच्यात त्याची पाण्याची बाटली, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि फेटा बांधल्यावर डोकं दुखलं तर लागेल म्हणून बामची डबी. "फलक बघितलासा का, सर?" तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. काल संध्याकाळी भाजीला गेली तेव्हा बांधत होते, तेव्हा तिनं उभं राहून फोटो बघितला होता. "नाक जरा मोठं केलंय, पण चांगला हाय." मग जरा थांबून, "खाली काय लिवलंय?" शशिधरनं दूध गॅसवर ठेवलं. दूध वर येईपर्यंत तो तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. "नाव लिहिलंय," तो म्हणाला. "नुसतं नाव? एवढी रांग हाय की अक्षरांची." "आणि एक संख्या आहे." "आप्पाचं नाव हाय काय त्यात?" एस. आय. मधला आय म्हणजे ईरप्पा. आयुष्यभर त्यानं बापाला एका अक्षरात बसवला होता आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. "आहे," तो म्हणाला. हेही खरंच होतं. दूध उतू गेलं.

गाडीत आक्का पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मागचं दार त्यानं तिच्यासाठी उघडलं होतं, पण ती पुढं जाऊन बसलीसुद्धा, पिशवी मांडीवर धरून, कामाची बाई बसेल तशी. तिच्या मानेवरच्या सुरकुत्या, कानामागं राहून गेलेला विभूतीचा ठिपका, हे तो मागून बघत राहिला. आणि डोक्यात ती संख्या. गणितात माणसं घुसडायची नाहीत, असं तो पोरांना नेहमी बजावायचा, गणित गणिताच्या जागी. आज माणसं आपणहून घुसत होती. चौघांना ती फसवते, ते कडक कसोटीत. साधी, जुनी कसोटी लावली तर हिला कुणीच पकडत नाही, अकराही नाही, पुढचेही नाहीत. पकडतात ते फक्त तिच्या पोटातले तीन घटक आणि त्यांचेच पटीतले कुणी. परका कितीही हुशार असू दे, सांगणार मूळच. घरचं कुणी साक्षीला उभं राहिलं तरच भांडं फुटतं. आणि हे असं का होतं, तर एका घटकातून एक वजा करा, संख्येतूनही एक वजा करा, भाग निःशेष जातो. तिन्ही घटकांचं तसंच. एक काढला की सगळं जुळतं. वर्गात हे सांगताना तो खुशीत यायचा, काय सुंदर आहे बघा म्हणायचा. आज त्याला त्यात सुंदर काही दिसेना. त्यानंही घरातलं एकच माणूस वजा केलं होतं आणि फ्लेक्सवरचं वाक्य कसं निःशेष जुळलं होतं. गाडी दसरा चौकातनं वळली तेव्हा आक्कानं मागं वळून, आधी ड्रायव्हरकडं एक नजर टाकून, विचारलं, "सर, काच वर घेऊ का? वारं लागतंय?" तिला त्याच्या कानाचं लहानपणापासून माहीत होतं. वारं लागलं की दुखायचा. "राहू दे," तो म्हणाला. तिनं काच वर घेतली.

सभागृहाच्या दारात क्रांती उभी होती, बाळासोच्या बॅचमधली सर्वांत हुशार, आता गडमुडशिंगीला शाळेत गणित शिकवणारी. सूत्रसंचालन तिच्याकडं होतं. सरांच्या पाया पडून तिनं आक्काला चाफ्याचं फूल दिलं आणि तिच्याकडं बघतच राहिली. बाळासो शशिधरच्या डोक्याला फेटा गुंडाळत होता, खराखुरा, आणि शशिधरचे दोन्ही हात फेट्याचं सुटं टोक, शेमला, धरण्यात अडकले होते. दोन हातांच्या अंतरावर क्रांती आक्काला विचारत होती, "आजी, तुम्ही सरांच्या कोण?" शशिधरला वाटलं, आता. आता ती सांगेल आणि सुटलो. शपथेवर सांगतो, त्याला त्या क्षणी तेच हवं होतं. पाचवा साक्षीदार उभा राहिला होता, आणि खरं बोलण्याचं काम त्याला स्वतःला करावं लागणार नव्हतं. "मी व्हय?" आक्का म्हणाली. "मी कामाला असते त्यांच्यात. भाकरी-तुकडा बघते." "अगं बाई. हनुवटी अगदी सरांसारखी दिसली म्हणून विचारलं." "आसंल की," आक्का म्हणाली. "हनुवटी काय, कुणाचीबी असती." आणि ती पिशवी सावरत, चाफ्याचं फूल पदराच्या टोकात बांधत, शेवटच्या रांगेकडं निघून गेली. बाळासो फेटा आवळत म्हणाला, "सर, मान सरळ धरा की." शशिधरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळासोला वाटलं, फेटा घट्ट झाला.

व्यासपीठावर दोन खुर्च्या होत्या, कारण कोल्हापुरात सत्कार जोडप्याचा करायची रीत. "वहिनी न्हाईत तर ही उचलू का?" बाळासो कानाशी लागला. "रिकामी खुर्ची फोटोत बरी दिसत न्हाय." शशिधर म्हणाला, "राहू दे." मग शाल आली, नारळ आला, भाषणं झाली. सगळ्यांनी तेच तेच सांगितलं आणि मनापासून सांगितलं, हे वाईट. क्रांतीनं फ्लेक्सवरचं वाक्य सुंदर आवाजात वाचलं, कुणाच्याही टेकूशिवाय, आणि टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतनं आक्काही टाळ्या वाजवत होती, लहान मुलासारखं दोन्ही हात तोंडापुढं धरून. मग त्याला माइकपाशी बोलावलं. फेट्याखाली घाम येत होता. शाल खाली घसरत होती. त्यानं सुरुवात केली ती संख्येपासून, कारण तेवढंच त्याला बोलता येत होतं. "बाळासो, फ्लेक्सवर चूक झालीय. ती संख्या मूळ नाही." सभागृहात हशा पिकला. सर अजून तसेच आहेत, अशा नजरेनं पोरं, आता पोटं सुटलेली, टक्कल पडलेली पोरं, एकमेकांकडं बघायला लागली. बाळासो खालून ओरडला, "तुम्हीच सांगितलंसा की सर, चौघं साक्षीला हाईत म्हणून." आणखी हशा. "चौघं खोटं बोलतात," शशिधर म्हणाला. "तू दुसऱ्या दिवशी आला असतास तर अकरा भेटला असता." त्यानं तिन्ही घटक सांगितले. काहीजण फोनवर गुणाकार करून बघायला लागले आणि कुणीतरी म्हणालं, "व्हय की राव, बरोबर हाय," आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढी मनापासूनची टाळी दिवसभरात पडली नव्हती. इथं थांबलं असतं तर चाललं असतं. लोकांना भाषण संपल्यासारखं वाटलंही. क्रांती माइककडं यायला निघाली होती.

शशिधरनं माइक सोडला नाही. आवाज फुटला तसाच त्यानं फुटू दिला. "चूक बाळासोची नाही. गुरुवारी त्यानं मला ते दाखवलं होतं, आणि मी गप्प बसलो. टेकूशिवाय वगैरे जे लिहिलंय, तेही खोटं आहे. मला शिकवलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, तंबाखूच्या वखारीत चाळणी मारून. गुरुवारी बाळासोनं तिच्याकडं पाणी मागितलं आणि मी तिला कामाची बाई होऊ दिलं. मला त्याची लाज वाटते." बाळासोचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्याचा हात आपोआप मिशीकडं गेला, पाणी पुसल्यासारखा. "ती आलीय," शशिधर म्हणाला. "शेवटच्या रांगेत बसलीय. महादेवी ईरप्पा मगदूम. आक्का, वर ये. ही खुर्ची तुझी आहे." सगळ्या माना एकदम वळल्या. एवढी तोंडं आपल्याकडं फिरलेली बघून आक्का गडबडली, तिनं पदर डोक्यावर ओढला, मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "तम्मा बोलवतोय, ये की गं," शशिधर माइकमध्ये म्हणाला. सगळ्या गावासमोर तो शब्द त्यानं पहिल्यांदाच उच्चारला. आक्कानं एकदा त्याच्याकडं बघितलं. तोंड जराही हललं नाही. मग इतरांसारखीच तिनंही मान वळवली, आणि सरांची बहीण कुठं दिसते का, म्हणून ती आपल्या मागं बघायला लागली. मागं नुसती भिंत होती.